रुग्णवाहिका आणि तिच्यातील माणसे

‘गाडी उशिरा आली’ हे तीन शब्द आपल्या नांदगाव तालुक्यात ज्याने ऐकले नाहीत असा माणूस विरळा. अपघात झाला, कुणास पान लागले, एखादी बाळंतीण अडली, की दुसऱ्या दिवशी पारावर जी हकीकत सांगितली जाते तिचा शेवट बहुधा ह्याच तीन शब्दांनी होतो. कधी कधी ते खरेही असतात. परंतु गाडी उशिरा आली म्हणजे नेमके काय झाले, तो उशीर कोठे झाला, आणि गाडी आल्यावर तिच्यातील दोन माणसांनी काय केले, ह्याची चौकशी आपण सहसा करीत नाही. गाडी दिसते, तिच्यावरचा निळा दिवा दिसतो, भोंगा ऐकू येतो. माणसे मात्र दिसत नाहीत. आज ती चौकशी करावयाची आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू, कारण पुष्कळसा घोटाळा तेथूनच सुरू होतो. ‘रुग्णवाहिका’ म्हणजे रुग्णास वाहून नेणारी. ज्या ‘अँब्युलन्स’ शब्दासाठी आपण हा शब्द योजला, त्याची जन्मकथा मात्र निराळी आहे. तो फ्रेंच भाषेतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘चालते रुग्णालय’ असा, म्हणजे सैन्यामागोमाग हिंडणारे रुग्णालय. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातील रणांगणावर पडलेला जखमी शिपाई लढाई संपेपर्यंत तेथेच कण्हत राही. पुढे नेपोलियनच्या सैन्यात नावारूपास आलेला शल्यवैद्य दॉमिनिक लारे ह्याने १७९२ च्या सुमारास हे चित्र पालटावयास घेतले. त्याने हलक्या घोडागाड्या करविल्या आणि त्यांच्याबरोबर शल्यवैद्य व मदतनीस लढाई चालू असतानाच पुढे धाडण्याची पद्धत पाडली. जखमी वैद्याकडे येण्याची वाट न पाहता वैद्यच जखमीकडे जाऊ लागला. आपण शब्द घेताना ‘वाहून नेणे’ तेवढे घेतले आणि ‘रुग्णालय’ मागे राहिले. परिणाम असा, की ह्या गाडीची परीक्षा आपण टांग्याची करावी तशी करतो. लवकर आली का? जोरात गेली का? बस्स.

वाहून नेणे हे काम हलके आहे असे मात्र कोणी समजू नये. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले तेव्हा गांधीजींनी तेथील सुमारे अकराशे हिंदी लोकांचे एक शुश्रूषा पथक उभारले. त्या पथकातील माणसे जखमींच्या डोल्या खांद्यावर घेऊन दिवसाकाठी वीस-पंचवीस मैल चालत. आपल्या घाटमाथ्यावरील आणि डोंगरकपारीतील वस्त्यांच्या जुन्या माणसांस डोली आणि झोळी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागणार नाही.

आता आपल्या तालुक्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग मनमाड आणि नांदगाव ही दोन्ही गावे ओलांडून चाळीसगावाकडे जातो. नांदगावास ग्रामीण रुग्णालय आहे, मनमाडास उपजिल्हा रुग्णालय आहे. त्यांच्या आवाक्याबाहेरचे दुखणे निघाले तर चाळीसेक किलोमीटरवर मालेगाव, आणि तेथेही भागले नाही तर शंभरावर किलोमीटर दूर नाशिक. एका अंगास घाटमाथ्यावर बोलठाण, जातेगाव. दुसऱ्या अंगास न्यायडोंगरी. तिसरीकडे गिरणा धरणाच्या काठची गावे. मुंबईतील माणूस रुग्णवाहिकेत वीस-पंचवीस मिनिटे असतो. आपल्याकडील अत्यवस्थ माणूस दोन-दोन, तीन-तीन तास असतो. तेवढा वेळ त्याचे रुग्णालय कोणते? तीच गाडी. तिच्यात बसलेला डॉक्टर हाच त्याचा डॉक्टर, आणि गाडी हाकणारा चालक हाच त्या रुग्णालयाचा बाकी सर्व नोकरवर्ग.

१०८ क्रमांकाची सेवा आपल्या देशात प्रथम २००५ साली आंध्र प्रदेशात सुरू झाली. महाराष्ट्रात ती २०१४ च्या प्रारंभी आली. आरंभी राज्यभरासाठी ९३७ गाड्या घेण्यात आल्या. त्यांपैकी २३३ गाड्यांत कृत्रिम श्वासयंत्रासारखी प्रगत साधने होती आणि ७०४ गाड्यांत प्राणवायू, खुब्याचे-मणक्याचे आधार, प्रसूतीचे साहित्य अशी मूलभूत साधने होती. पुष्कळ राज्यांत अशा गाडीवर प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. महाराष्ट्राने मात्र डॉक्टर नेमला. हे डॉक्टर बहुधा आयुर्वेद वा होमिओपॅथीचे पदवीधर असून त्यांस आणीबाणीच्या उपचारांचे वेगळे शिक्षण दिलेले असते. डॉक्टर आणि चालक, अशी दोनच माणसे. हा दोनाचा आकडा आपण ध्यानात ठेवावा, कारण पुढे तो वारंवार आडवा येणार आहे. ह्याशिवाय गरोदर स्त्रिया व तान्ही बाळे ह्यांच्यासाठी १०२ क्रमांकाच्या गाड्या आहेत. त्यांवर पुष्कळदा चालक एकटाच असतो, आणि मागे सोबतीस एखादी आशाताई.

फोन केल्यावर काय होते? तो नांदगावच्या रुग्णालयात वाजतो अशी पुष्कळांची समजूत आहे. तो पुण्यास, औंध येथील केंद्रात वाजतो. तेथील माणसापुढे साऱ्या महाराष्ट्राचा नकाशा पसरलेला असतो आणि कोणती गाडी कोठे आहे, मोकळी आहे की गुंतलेली, हे त्यास दिसते. तो जवळची मोकळी गाडी पाहून तिला निरोप देतो. व्यवस्था चांगली आहे. तिची एकच अडचण अशी, की पुण्यात बसलेल्या माणसाने आपले ‘पाटलांच्या मळ्याशेजारी’ पाहिलेले नाही. तो विचारतो, गाव कोणते? आपण म्हणतो, नांदगाव. मंडळी, महाराष्ट्रात नांदगावे किती आहेत ह्याचा कधी विचार केला आहे काय? अमरावती जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर आहे, रायगडात मुरुडजवळ नांदगाव आहे, कोकण रेल्वेवर कणकवलीजवळ नांदगाव रोड नावाचे स्टेशन आहे. जिल्हा नाशिक म्हटल्याने सुटका होते असेही नाही, कारण नाशिक जिल्ह्यातच इगतपुरीकडे नांदगाव सदो आहे. तेव्हा केंद्रातील माणूस चार प्रश्न अधिक विचारतो, आणि इकडे फोन धरलेला माणूस संतापून म्हणतो, ‘प्रश्न काय विचारता, गाडी पाठवा!’ त्यातच कुणी फोन ठेवून देतो. मग गाडीतला चालक त्या क्रमांकावर फोन करतो, तर तो लागत नाही. कारण फोन करणारा वाटसरू असतो आणि तो एव्हाना आपल्या वाटेने पुढे गेलेला असतो.

गाडीवाल्यांच्या रोजच्या त्रासांत रक्त आणि जखमा ह्यांना पहिले स्थान असेल असे आपणांस वाटते. पत्ता शोधणे हे त्यांना त्याहून अधिक छळते. रात्री दोन वाजता शिवारातील वस्तीवर जावयाचे. रस्ता कच्चा, दिवा नाही, वस्तीला पाटी नाही. कुत्री तेवढी जागी. अशा वेळी ज्या घरचा एक मुलगा मोटारसायकलीचा दिवा लावून डांबरी रस्त्यावर येऊन उभा राहतो, त्या घराने किती मिनिटे वाचविली हे त्या घरास कधीच कळत नाही. लोहमार्गावरचा प्रसंग ह्याहून बिकट. चालत्या गाडीतून कोणी पडला तर ठिकाण सांगितले जाते ते खांबाच्या क्रमांकावरून. अमुक किलोमीटर, अमुक खांब. रस्ता मात्र खांबापर्यंत जात नाही. गाडी कोठे तरी उभी करून खडीवरून स्ट्रेचर घेऊन चालावे लागते, आणि परत येताना त्यावर साठ-सत्तर किलोचा माणूस असतो. वाहणारी माणसे दोन.

घड्याळाचीही एक गंमत आहे. गंमत म्हणावी की दैव, आपणच ठरवा. गाडीचे घड्याळ फोन आल्यापासून सुरू होते. घरच्यांचे घड्याळ सुरू होते ते छातीत कळ आली तेव्हापासून. ह्या दोहोंच्या मध्ये पुष्कळ काही घडलेले असते. आधी ‘पित्त असेल’ म्हणून आले-लिंबू दिले, मग शेजारच्यास उठविले, मग कोणाची जीप मिळते का पाहिले, ती पंक्चर निघाली, मग कोणास तरी १०८ आठवला. सर्पदंशात ह्या यादीत मांत्रिकाचीही भर पडते. गाडी येऊन पोहोचते तेव्हा घरच्यांच्या हिशेबी दीड तास झालेला असतो, आणि तो सारा दीड तास गाडीच्या नावावर मांडला जातो.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हृदय एकाएकी बंद पडले तर मेंदूस चार-पाच मिनिटांत इजा होऊ लागते, आणि काहीही न करता गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक वाचण्याची शक्यता शेकडा सात ते दहाने घटत जाते. जगातील कोणतीही गाडी बोलठाणच्या वस्तीवर चार मिनिटांत पोहोचणार नाही. तेथे जो कोणी उभा आहे त्यानेच छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात ठेवून, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा, दोन इंच खोल दाब देत राहिले पाहिजे. गाडी येईपर्यंत कोणी ते केलेले असेल तर डॉक्टरास काही काम उरते. एरवी त्यास फक्त एक वाईट बातमी सांगावयाची असते.

गाडी आली. आता काय? येथे रुग्णवाहिकेतील माणसाच्या आयुष्यातील सर्वांत अवघड क्षण येतो, आणि तो वैद्यकीयापेक्षा सामाजिक अधिक आहे. भोवती पन्नास माणसे जमलेली असतात. डॉक्टर खाली वाकतो, नाडी पाहतो, मानेस आधार बांधतो, शिरेत सुई घालू पाहतो. तोच मागून आरडाओरडा सुरू होतो: ‘अहो, येथे काय करत बसलात? आधी गाडी हलवा!’ डॉक्टरास रागही येतो आणि समजूतही पटते, कारण ओरडणारा माणूस वैरी नव्हे, बहुधा भाऊ असतो. परंतु मान मोडलेल्या माणसास उचलून गाडीत कोंबले तर जन्माचा लुळेपणा येण्याची भीती. श्वासनलिकेत रक्त साचले असेल तर गाडी धावू लागण्यापूर्वी ते काढावयास हवे. धावत्या गाडीत छातीवर नीट दाब देता येत नाही, आणि खड्ड्यात उडालेल्या हाताने शीर सापडत नाही. अशा वेळी थांबणे हाच उपचार असतो. उलट पोटात आतल्या आत रक्तस्राव होत असेल, किंवा नागाचे विष चढत असेल, तर खरा उपाय रुग्णालयात आहे, आणि तेथे एक मिनिटही दवडणे पाप. थांबावे की पळावे, हा निर्णय त्या पंचवीस-तीस वर्षांच्या डॉक्टरास पन्नास माणसांच्या ओरड्यात, टॉर्चच्या उजेडात करावयाचा असतो.

हा भेद किती मोलाचा आहे हे अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराच्या एका हकिकतीवरून दिसते. तेथे १९६० च्या दशकात आजाऱ्यास रुग्णालयात पोहोचविण्याचे काम पुष्कळसे पोलिसांच्या बंद गाड्यांतून होई. गाडी वेगाने जाई. मागे माणूस एकटा पडलेला असे, पाहणारे कोणी नसे. १९६७ साली ‘फ्रीडम हाऊस’ नावाच्या संस्थेने एक पथक उभारले. त्यात घेतलेले तरुण बहुतेक हिल डिस्ट्रिक्ट ह्या गरीब वस्तीतील कृष्णवर्णीय होते, पुष्कळ जण बेकार होते. छातीवर दाब व तोंडाने श्वास देण्याच्या पद्धतीच्या प्रवर्तकांपैकी एक असलेले डॉक्टर पीटर साफर ह्यांनी त्यांस महिनेच्या महिने शिकविले. रस्ते तेच, रुग्णालये तीच. बदलली ती गाडीच्या मागच्या भागातील माणसे. ज्यांना कालपर्यंत शहर निकामी समजत होते ते तरुण मरणोन्मुख माणसांचे प्राण टिकवून त्यांस रुग्णालयात आणू लागले, आणि पुढे देशातील इतर शहरांनी हाच कित्ता गिरविला. ते पथक १९७५ साली बंद करण्यात आले, आणि त्या तरुणांपैकी अनेकांना नव्या शहरी सेवेत टिकाव धरू दिला गेला नाही. आपल्या हकिकतीतही कामाचे मोल आणि माणसाचे मोल ह्यांचा मेळ बसत नाही, त्याकडे पुढे येतोच.

वेगासंबंधी थोडे गणित करू. व्याख्यानात गणित आले की माणसे पाण्यासाठी बाहेर जातात हे ठाऊक आहे, पण हे सोपे आहे. समजा, चाळीस किलोमीटर जावयाचे आहे. गाडी ताशी तीस किलोमीटरने गेली तर ऐंशी मिनिटे लागतात, चाळीसने गेली तर साठ. वेग दहाने वाढला, वीस मिनिटे वाचली. आता तीच गाडी सत्तरने जात होती, ती ऐंशीने हाकली, तर चौतीस मिनिटांची तीस होतात. वेग तितकाच वाढला, वाचली चार मिनिटे; आणि त्या चार मिनिटांसाठी चालक, डॉक्टर, रुग्ण व समोरून येणारा सायकलवाला अशा सर्वांचा जीव टांगणीला. म्हणजे वेळ वाचतो तो मोकळ्या रस्त्यावर भरधाव जाण्याने फारसा नव्हे, तर जेथे गाडी रांगत असते तेथे तिला चालू देण्याने. बाजारपेठ, कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग, लग्नाची वरात, वाजंत्री, दुकानापुढे आडवी लावलेली मोटारसायकल, ही ती ठिकाणे. तेथला वेग आपल्या हातात आहे, चालकाच्या नाही. आणीबाणीच्या वाहनास वाट न देणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने झाली आहे. पण वरातीपुढे नाचणाऱ्यास दंड करावयास त्या वेळी कोण जाणार?

चांगला चालक भोंग्यावर फार विसंबत नाही. भोंग्याने बाहेरचा माणूस बिचकतो, वाट देण्याऐवजी जागीच थबकतो, आणि आतला रुग्ण अधिक घाबरतो. गतिरोधक कोठे आहे, कोणत्या वळणावर रस्ता खचला आहे, कोणत्या फरशीवरून पावसाळ्यात पाणी जाते, हे सारे त्याच्या डोक्यात असते. बाळंतीण असेल तर तो हळू नेतो, आणि शेजारी बसलेली सासू त्यास जोरात हाकावयास सांगते. २०२१ च्या सप्टेंबरात शाकांबरी आणि लेंडी ह्या नद्यांचे पाणी गावात शिरले तेव्हाचे आपणांस आठवत असेल. २०२३ च्या नोव्हेंबरात मनमाडमधील लोहमार्गावरच्या जुन्या पुलाचा काही भाग ढासळला आणि इंदूर–पुणे महामार्गाची वाहतूक दुसऱ्या वाटांनी वळवावी लागली. असा पूल पडतो त्या दिवशी ट्रकवाल्याचा माल उशिरा पोहोचतो, एवढेच वर्तमानपत्रात येते. रुग्णवाहिकेच्या चालकाने वर्षानुवर्षे डोक्यात बसविलेला नकाशा त्या दिवशी निरुपयोगी होतो, हे येत नाही.

आता त्या शब्दाकडे येऊ, जो इंग्रजी असूनही आपल्या प्रत्येक खेड्यात मराठी झाला आहे: ‘रेफर’. नांदगावात सोय नाही म्हणून मालेगावास रेफर, मालेगावात खाट नाही म्हणून नाशिकास रेफर. रेफर करणाऱ्या डॉक्टरासही नावे ठेवण्यात अर्थ नाही. भूलतज्ज्ञ नसता, रक्तपेढी जवळ नसता, त्याने शस्त्रक्रिया करावी कशी? पण त्या चिठ्ठीचे ओझे गाडीवर पडते. गाडी नाशिकास गेली, की जाऊन-येऊन, रुग्ण सोपवून, पाच-सहा तास ती तालुक्यास पारखी होते. तेवढ्यात न्यायडोंगरीकडून फोन आला तर तिसऱ्याच तालुक्यातून गाडी धाडावी लागते. ती उशिरा येते. ‘गाडी उशिरा आली’ ह्या शब्दांचा खरा उगम पुष्कळदा येथे असतो: गाडी आळसाने उशिरा आली नाही, ती दुसऱ्याच कुणाच्या लेकीस घेऊन चांदवडच्या पलीकडे होती.

लांबच्या वाटेत प्राणवायूचा हिशेब हा आणखी एक घोर. लहान नळकांड्यात, ज्यास बी प्रकारचे म्हणतात, सुमारे दीड हजार लिटर प्राणवायू मावतो. मिनिटास दहा लिटर लागत असेल तर तो अडीच तास पुरतो. नांदगावहून नाशिकची वाट, मध्ये अडथळा आला तर, तेवढी घेतेच. आणि नळकांडे निघताना भरलेले असेल असे नाही, आधीच्या रुग्णाने अर्धे संपविलेले असते. मोठे डी प्रकारचे नळकांडे सात हजार लिटरांचे असते; ते असले की डॉक्टर थोडा निश्चिंत. नसेल तर तो सारी वाट एक डोळा रुग्णाच्या ओठांवर आणि एक डोळा काट्यावर ठेवून बसतो.

नाशिक आले, म्हणजे सुटका झाली असे आपणांस वाटेल. मोठ्या रुग्णालयाच्या दारात रुग्ण उतरवून घेण्यास स्ट्रेचर मोकळे नसते, आत खाट नसते. रुग्ण गाडीच्याच स्ट्रेचरवर ओसरीत पडून राहतो. स्ट्रेचर अडकले म्हणजे गाडी अडकली. हे केवळ आपल्याकडेच घडते असे समजू नका. इंग्लंड-ऑस्ट्रेलियासारख्या श्रीमंत देशांतही रुग्णालयांबाहेर रुग्णवाहिकांच्या रांगा तासन् तास उभ्या असतात, आणि तेथील गाडीवाल्यांची मोठी तक्रार हीच आहे. मग रुग्णाची नोंदवही भरावयाची, घेणाऱ्या डॉक्टराची सही मिळवावयाची, गाडी धुवावयाची, चादर बदलावयाची. ते होईस्तोवर पहाट. डबा सकाळचा असतो, तो तसाच.

ज्या प्रसंगी गाडीवाले सर्वांत अधिक अप्रिय होतात तो असा. गाडी पोहोचते तेव्हा माणूस गेलेला असतो. घरचे म्हणतात, ‘आता आलात तर निदान घरापर्यंत तरी पोहोचवा.’ नियम असा, की ही गाडी जिवंतासाठी आहे, मृतदेह तिच्यातून न्यावयाचा नाही; त्यासाठी शववाहिका वेगळी. नियम शहाणपणाचा आहे. तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणाचा जीव जाऊ नये, हा त्यामागील विचार. पण खेड्यात शववाहिका कोठून यावी? तेव्हा ज्याचा बाप समोर पडला आहे अशा मुलास डॉक्टराने ‘नाही’ म्हणावयाचे. काही वेळा ह्यातून धक्काबुक्की होते, काचा फुटतात. वैद्यकीय सेवेतील माणसांवरील हल्ल्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१० सालीच कायदा केला; तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा त्यात आहे. कायदा पुस्तकात असतो, आणि गाडी रात्री एकटी फिरते.

ह्या माणसांस मिळते काय? चालकास ‘पायलट’ म्हणतात. पदवी वाढविण्यास खर्च येत नाही. ही नोकरी ठेकेदारामार्फतची, पाळी बहुधा बारा तासांची. वेतनवाढीसाठी व कामाच्या तासांसाठी राज्यातील चालकांना संपाचा मार्गही धरावा लागला आहे. रुग्णालयाच्या आवारात गाडी उभी असते, पण गाडीवाल्यांस बसावयास खोली असतेच असे नाही. पुष्कळ ठिकाणी गाडी हेच घर, आणि स्त्री-डॉक्टरांची ह्यात जी कुचंबणा होते ती सांगण्याची गरज नसावी. २०२० च्या उन्हाळ्यात मालेगावात करोनाची साथ भडकली होती. त्या दिवसांत अंगावर प्लॅस्टिकचा पोशाख, वर वैशाखाचे ऊन, आणि गाडीतील वारा बंद, अशा स्थितीत ह्या परिसरातील चालकांनी फेऱ्या केल्या. घरी गेल्यावर ओसरीत निजले. तेव्हा आपण थाळ्या वाजविल्या. थाळ्या वाजवून झाल्यावर खोली बांधावयाची राहिली.

उलट दुसऱ्या एका गोष्टीवर आपण हौसेने खर्च करतो. कोणी दाता, कोणी संस्था, कोणी लोकप्रतिनिधी गावास रुग्णवाहिका देतो. नारळ फुटतो, हार पडतात, गाडीच्या दोन्ही अंगांवर देणाऱ्याचे नाव रुग्णापेक्षा मोठ्या आकारात रंगविले जाते. दानाचे मोल कमी लेखावयाचे नाही. अशा गाड्यांनी पुष्कळ जीव तारले आहेत. पण गाडी हा ह्या सेवेतील सर्वांत स्वस्त भाग आहे. दर महिन्याचा चालकाचा पगार, डिझेल, टायर, प्राणवायू आणि मागे बसणारा जाणता माणूस ह्यांना हार घालता येत नाही, म्हणून ती तजवीज राहून जाते. मग ती गाडी कोणाच्या तरी आवारात निंबाच्या झाडाखाली उभी दिसते, आणि नावाचा रंग तेवढा ताजा असतो.

आपल्यापैकी पुष्कळांना अपघातग्रस्तास हात लावावयाची भीती वाटते, ती पोलिसांच्या चौकशीची. ती भीती आता धरण्याचे कारण नाही. मदत करणाऱ्यास त्रास देऊ नये ह्यासाठी केंद्र सरकारने घालून दिलेल्या नियमांवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये शिक्कामोर्तब केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते संरक्षण कायद्यातच आले. नाव सांगण्याची सक्ती नाही, साक्षीस जाण्याची सक्ती नाही. म्हणजे स्ट्रेचरचे तिसरे आणि चौथे टोक धरावयास आता कायद्याची आडकाठी उरलेली नाही. गाडीवर माणसे दोनच आहेत हे आरंभी सांगितलेच आहे.

ह्या लोकांच्या आणखी एका दुःखाचा उल्लेख कोणत्याही मागणीपत्रकात नसतो. रुग्ण नाशिकच्या दारात सोपविला, की त्याचे पुढे काय झाले हे त्यांस कळत नाही. मोठ्या रुग्णालयाने नांदगावच्या गाडीस परत काही कळवावे अशी रीतच नाही. दोन तास ज्याच्या तोंडावर मुखवटा धरला, घाटात ज्याची नाडी दोनदा हरवली आणि सापडली, तो वाचला की गेला? डॉक्टर कधी कधी स्वतःहून फोन लावून विचारतो; पलीकडे पाळी बदललेली असते, नाव कोणास आठवत नाही. क्वचित एखाद्या बाजारच्या दिवशी कांद्याच्या गोण्या उतरविणारा कोणी चालकास ओळखतो, आणि त्या रात्रीचा पोरगा आता शाळेत जातो असे सांगतो. बहुतेकांच्या बाबतीत तसा बाजार येत नाही. गाडी धुतलेली असते, काट्यावर प्राणवायू किती उरला ते पाहिलेले असते, आणि पुण्याहून पुढचा फोन आलेला असतो.